७० अंश, पण नेमके कुठले?

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. नाटक मंडळांची कार्यालये इथे, प्रयोगांच्या तारखा इथेच ठरतात, आणि गावोगावी रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. एवढी रात्र जागवायची तर पोटाला काही हवेच. मंडपाबाहेर चहा, भजी, चिवडा यांची दुकाने पूर्वीपासून लागत आली आहेत. अलीकडे त्यांच्या शेजारी कोंबडी भाजण्याची भट्टीही दिसते. लोखंडी पिंप आडवे ठेवून मधोमध कापायचे, आत जाळी, खाली कोळसे, वरच्या अर्ध्या भागाला बिजागऱ्या लावून झाकण. त्यातच ओले लाकूड टाकून झाकण मिटले की धूर कोंडतो आणि भट्टीचे धुरी देण्याचे यंत्र होते. शहरात यालाच 'स्मोकर' म्हणून बरेच पैसे मोजले जातात. काही हौशी मंडळी झाकणाला भोक पाडून काट्याचा तापमापकही बसवून घेतात.

काटा १५० अंश दाखवतो. तंगडी बाहेरून काळपट लाल, खमंग. पहिला घास उत्तम लागतो; दुसरा हाडाजवळ पोचतो तेव्हा मांस दाताखाली रबरासारखे ताणते, आतून गार लागते. काटा बिघडलेला नसतो. तो झाकणाखालच्या हवेचे तापमान सांगत असतो, आणि मांसाच्या पोटात काय चालले आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

महाराष्ट्राला ७० हा आकडा पाठ झाला तो २००६ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. कोंबडीबाजार बसला, आणि नीट शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही, ७० अंशांवर विषाणू मरतो, असे जो तो सांगू लागला. २०२५ च्या जानेवारीत हीच चर्चा वडशाच्या शेजारी आली. वैनगंगेच्या पलीकडे, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेल्याचे स्पष्ट झाले. वाघाला शिजवून खाण्याची सोय नाही, माणसाला आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात ७० या आकड्यापुढे आणखी काही शब्द होते, आणि ते तोंडातोंडी गळून गेले. अन्नाच्या 'सर्व भागांत' ७० अंश, असा तो सल्ला होता. सर्व भागांत म्हणजे सर्वांत गार भागातही. तो भाग शोधून तिथे तापमापकाचे टोक नेणे, एवढेच काम उरते; आणि ते वाटते तितके सोपे नाही.

रश्श्याच्या कोंबडीला हा प्रश्न पडतच नाही. पाणी उकळले की ते शंभराच्या पुढे जात नाही आणि तुकडा चहूबाजूंनी त्या पाण्यात बुडालेला असतो. गावरानी कोंबडा तास-दीड तास चुलीवर रटरटतो, तुकडे लहान असतात, आणि रस्सा स्वतःच तापमान सांभाळतो. विदर्भातला झणझणीत रस्सा पोटाला कितीही जाळत असला, तरी जंतूंच्या बाबतीत तो भरवशाचा आहे. जाळीवर तसे नाही. खालच्या बाजूला निखाऱ्याची थेट आच, वरच्या बाजूला गरम हवा, कडेला त्याहून कमी गरम हवा. बाहेरची कातडी दोनशेच्या घरात गेली तरी आतले मांस चाळिसावर असू शकते.

याचे कारण मांस उष्णतेला फार हळू आत जाऊ देते. आणि जाडी वाढली की वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून पुष्कळ वाढतो. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. पातळ फडशीला दहा मिनिटे पुरली म्हणून दुप्पट जाड तंगडीला वीस मिनिटे पुरतील, हा हिशेब इथेच चुकतो. तंदुरी करणारे तंगडीला दोन-तीन खोल छेद देतात. मसाला आत जावा म्हणून, असे ते सांगतात. मसाला फारसा आत जात नाही, पण छेदामुळे उष्णतेला कापायचे अंतर निम्म्यावर येते. कारण काही का असेना, पद्धत बरोबर आहे.

आता टोक कुठे खुपसायचे ते पाहू. नियम एका ओळीचा आहे: सर्वांत जाड भागाच्या मध्यभागी, हाडाला न टेकवता. अख्ख्या कोंबडीत ही जागा मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे मांडी धडाला चिकटते तिथे असते. तिथे मांस जाड, सांधा जवळ आणि हवा खेळायला जागा नाही. म्हणून ती उशिरा तापते. दुसरी जागा छातीचा सर्वांत फुगीर भाग. दोन्ही ठिकाणी पाहायचे आणि जो आकडा कमी येईल तो खरा धरायचा. हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापते, त्यामुळे टोक हाडाला टेकले की आकडा हाडाचा येतो, मांसाचा नाही. चरबीच्या थरातही तसेच होते. पोटातल्या पोकळीत टोक गेले तर मोजली जाते ती आतली हवा. जाळीला किंवा सळईला टोक लागले तर मग विचारायलाच नको.

सुटी तंगडी असेल तर जाड बाजूने, हाडाला समांतर टोक सरकवावे. पातळ तुकड्यात, कबाबात किंवा माशात वरून टोचले तर टोक आरपार जाऊन जाळीवर टेकते. म्हणून कडेने आडवे टोचायचे. मध्य नेमका कुठे हे डोळ्यांना दिसत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. टोक मध्याच्या थोडे पलीकडे जाईल इतके आत न्यावे आणि हळूहळू मागे ओढावे. आकडा उतरतो, एका जागी सर्वांत कमी होतो आणि पुन्हा चढू लागतो. तो सर्वांत कमी आकडा म्हणजे तुकड्याचा गाभा. जाळीवर एकाच वेळी वीस तंगड्या असतील तर सर्वांत मोठी निवडावी, आणि कडेची निवडावी, कारण कोळसे सहसा मध्यभागी असतात.

ही सारी खटपट तापमापकाच्या जातीवरही अवलंबून आहे. अंक दाखवणाऱ्या बारीक सुईच्या तापमापकात संवेदक अगदी टोकाशी असतो. काट्याच्या जुन्या प्रकारात दांड्याच्या आत दोन धातूंची गुंडाळी असते आणि ती टोकापासून पाच-सहा सेंटीमीटरपर्यंतच्या लांबीची सरासरी दाखवते. तो तंगडीत खुपसला की गार गाभा आणि तापलेली कातडी यांच्या मधला एक कुठला तरी आकडा मिळतो. बोकडाच्या अख्ख्या रानाला तो चालेल. कोंबडीच्या तुकड्याला नाही.

कोणता आकडा गाठायचा याबाबत अमेरिकेच्या कृषी खात्याचे कोष्टक बहुतेक ठिकाणी वापरले जाते. कोंबडी आणि सर्व पक्ष्यांसाठी ७४ अंश. खिम्यासाठी ७१. अख्ख्या मटणाच्या तुकड्यासाठी ६३ आणि त्यानंतर तीन मिनिटे थांबणे. मटणाला सवलत आणि त्याच मटणाच्या खिम्याला नाही, हे विचित्र वाटेल. पण अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात आणि बाहेरचा भाग आधी तापतो. खिमा करताना तीच बाहेरची बाजू आत मिसळली जाते. शीगकबाब आतून कच्चा राहिला तर तो मटणाच्या कच्च्या फोडीपेक्षा जास्त धोक्याचा, तो यामुळेच.

जागतिक संघटना ७० म्हणते आणि अमेरिका ७४, यात विसंगती नाही. जंतू एका ठरावीक अंशावर पटकन मरतात असे नसून तापमान आणि वेळ या दोन्हींचा तो मामला आहे. साल्मोनेला ६० अंशांवरही मरतो, पण त्याला अर्ध्या तासाच्या आसपास त्या तापमानात ठेवावे लागते. ७० अंशांवर काम काही सेकंदांत होते आणि ७४ वर जवळजवळ लगेच. घाईत, गर्दीत, अंधारात भाजणाऱ्याने ७४ धरलेले बरे.

रंगावर जाणारे लोक जास्त आहेत, म्हणून त्याविषयी थोडे. आतला गुलाबी रंग म्हणजे कच्चे, पांढरा म्हणजे शिजलेले, हा ठोकताळा दोन्ही बाजूंनी फसवतो. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, तिची हाडे अजून सच्छिद्र असतात. भाजताना मगजातला रंग बाहेर झिरपतो आणि पुरती शिजलेली कोंबडीही हाडालगत लालसर दिसते. धुरात भाजलेल्या मांसाला तर कातडीखाली एक गुलाबी कडे येते. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या रंगद्रव्याला चिकटल्याने ते होते, त्याचा कच्चेपणाशी संबंध नाही. उलट बाजूने, हळद, तिखट आणि खायचा लाल रंग चोपडलेल्या तुकड्यात डोळ्यांना काही कळण्याची शक्यताच नाही.

आता झाकणावरच्या काट्याकडे वळू. तोही निरुपयोगी नाही, फक्त त्याची जागा चुकलेली असते. गरम हवा वर चढते आणि झाकणाखाली साठते. मांस असते खाली जाळीवर. दोन्ही जागांत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. धुराडे कुठे आहे आणि कोळसे कोणत्या बाजूला आहेत, त्यावर तो कमी किंवा जास्त कोणत्याही दिशेने असू शकतो. भट्टीच्या हवेचे तापमान मोजायचे तर दुसरा संवेदक जाळीच्या पातळीवर, मांसाच्या शेजारी ठेवावा लागतो. शेजारी म्हणजे चिकटून नव्हे. गार मांसाभोवती गार आणि ओलसर हवेचा एक पातळ थर असतो. संवेदक त्यात अडकला की भट्टी आहे त्याहून थंड वाटते आणि माणूस उगाच कोळसे वाढवतो. तीन-चार बोटे अंतर पुरे. निखाऱ्याच्या थेट वरही नको, कारण निखाऱ्याची धग हवेला वगळून सरळ धातूवर पडते. उन्हात ठेवलेला तापमापक सावलीतल्यापेक्षा जास्त दाखवतो, तसेच ते. आणि उघडी जाळी असेल तर त्या हवेच्या आकड्याला फारसा अर्थ नाही; तिथे मांसातलेच टोक पाहावे.

धुरी देऊन शिजवताना भट्टीची हवा ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान ठेवतात. एवढ्या मंद आचेवर मोठे रान ठेवले की एक गंमत घडते, आणि ती पहिल्यांदा पाहणारा हमखास तापमापक फेकून देतो. गाभ्याचे तापमान नेमाने चढत ६५-७० पर्यंत येते आणि तिथे अडते. तास जातो, दोन तास जातात, आकडा हलत नाही. कोळसे ठीक, हवा गरम, तरी मांस तापत नाही. याचे स्पष्टीकरण वडशाच्या प्रत्येक घरात उन्हाळ्यात कोपऱ्यात उभे असते. माठातले पाणी पाझरून बाहेर येते, वाफ होऊन उडते आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. मांसातून झिरपणारे पाणीही तसेच पृष्ठभागावरून उडते आणि भट्टीची बरीचशी उष्णता त्यातच खर्ची पडते. ग्रेग ब्लॉन्डर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने हे प्रयोगाने दाखवून दिले, तोवर चरबी वितळण्यापासून अनेक कारणे सांगितली जात. उपाय म्हणजे वाफ अडवणे. तिकडे धातूच्या कागदात गुंडाळतात. आपल्याकडे जंगलालगतच्या गावांत मासा पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजतात, त्यातही वाफ अडवण्याचे हेच तत्त्व आहे.

धुराचा उल्लेख निघाला की चुलीवर टांगून ठेवलेले मासे किंवा मांस आठवणे स्वाभाविक आहे. पण तो प्रकार वेगळा. तिथे मांस टिकते ते तापमानामुळे नाही, पाणी गेल्यामुळे. चुलीवरच्या मंद उबेत दिवसेंदिवस राहिलेला बारीक मासा इतका कोरडा होतो की जंतूंना वाढायला ओल उरत नाही. धुरातली काही द्रव्येही त्यांना आवर घालतात. लक्षद्वीपचा मासमीन असाच टिकतो, ईशान्येकडच्या डोंगराळ राज्यांतले धुरावलेले मांसही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासे धुरावण्यासाठी खास भट्ट्या तयार केल्या, त्यात आच आणि धूर दोन्ही हाताशी राहतात. घोळ होतो तो या दोन पद्धती एकत्र केल्यावर. जाड, ओला तुकडा कोमट धुरात चार-पाच तास ठेवला तर तो सुकलेलाही नसतो आणि शिजलेलाही नसतो. ५ ते ६० अंश ही जंतूंच्या वाढीची पट्टी; आपण त्या तुकड्याला बरोबर तिथेच मुक्कामाला ठेवलेले असते.

याच पट्टीत आणखी एक सवय बसते. गर्दीच्या वेळी उशीर नको म्हणून दुकानदार संध्याकाळी कोंबड्या अर्ध्या भाजून सळईला टांगून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा पाच मिनिटे आचेवर धरतात. पहिल्या वेळी गाभा शिजलेला नसतो; मधल्या तासांत तो कोमट राहतो; दुसऱ्या वेळी फक्त कातडी तापते. त्यात स्टॅफिलोकॉकससारखा जंतू हाताच्या जखमेतून तिथे पोचला असेल तर तो मांसात विष सोडतो, आणि ते विष पुन्हा तापवल्याने नाहीसे होत नाही. इथे तापमापकही उशिरा पोचतो, कारण ७४ आकडा दिसला तरी विष तसेच राहते. एकदाच, पूर्ण भाजावे आणि ६० च्या वर गरम ठेवावे, नाहीतर मागणी आल्यावर कच्च्यापासून सुरुवात करावी.

बहुतेक धडधाकट माणसांना अशा कोंबडीने दोन-तीन दिवस जुलाब, ताप, पोटात मुरडा, एवढ्यावर सुटका होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात मात्र एक गोष्ट वेगळी आहे. इथे सिकलसेल आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत काम सुरू केले, तेव्हा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक याच रोगावर होता. सिकलसेलच्या रुग्णात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. रक्तात शिरलेले जंतू गाळून मारणे हे प्लीहेचे मोठे काम. ते थांबले की साल्मोनेलासारखा जंतू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून हाडात जाऊन बसू शकतो. रक्तपुरवठा तुटल्याने हाडाचे काही भाग आधीच दुबळे झालेले असतात. सिकलसेलच्या मुलांमध्ये हाडात पू होण्याच्या आजारामागे साल्मोनेला वारंवार सापडतो, हे जगभरातल्या डॉक्टरांना माहीत आहे. हाडाचा असा संसर्ग बरा करायला कित्येक आठवडे प्रतिजैविके लागतात. त्यात सिकलसेलच्या नेहमीच्या दुखण्यापासून तो वेगळा ओळखणे अवघड, त्यामुळे निदानाला उशीर होतो.

ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, गरोदर बाई आहे, अगदी लहान मूल किंवा म्हातारे माणूस आहे, तिथे जाळीवरची कोंबडी वर्ज्य करायला सांगण्याची गरज नाही. हाडाजवळचे मांस गार, लवचीक लागले तर तो तुकडा परत द्यावा आणि पुन्हा भाजून मागावा. संकोच करू नये. दुकानदाराला त्यात अपमान वाटला तरी चालेल.

भाजणाऱ्याकडून मात्र थोडे जास्त मागता येईल. टोकाशी संवेदक असलेला साधा तापमापक काहीशे रुपयांत मिळतो, म्हणजे दोन-तीन कोंबड्यांच्या किमतीत. घेतल्यावर तो खरा आहे का ते घरीच तपासता येते. पेलाभर बर्फाचा चुरा घ्यावा, तो बुडेल इतकेच पाणी घालावे, ढवळून टोक मधोमध धरावे. शून्य दाखवले पाहिजे, एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक चालतो. पेल्याच्या तळाला टोक लावू नये. उकळत्या पाण्यात तपासायचे तर १०० ची अपेक्षा धरू नये: समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर वर गेले की उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात ९९ च्या किंचित वर दिसले तरी तापमापक बरोबरच आहे.

आणि टोक धुवायचे, प्रत्येक वेळी. कच्च्या तंगडीत जाऊन आलेली सुई पुसून शिजलेल्या तंगडीत खुपसली, तर तपासणीच्या निमित्ताने जंतू आपणच आत पोचवतो. साबणाचे गरम पाणी पुरते. मसाल्यात मुरवलेले कच्चे मांस ज्या परातीत होते, त्याच परातीत भाजलेले काढून ठेवण्याची सवयही याच जातीची. मंडईच्या रात्री पाणी हाताशी नसते, हे खरे आहे. तेव्हा भट्टीशेजारी झाकण असलेली एक बादली, साबण आणि दोन पराती मांडून ठेवाव्या लागतील, आणि ते काम पडदा उघडण्याआधी करून ठेवावे लागेल, कारण मध्यंतराच्या गर्दीत कुणाला त्याची आठवण राहत नाही.